चार चाकांची मोट

१२ जानेवारी, ९२,३१० किमी

वही नवी, गाडी नऊ वर्षांची, चारही चाकांवर चालणारी. मोठ्या सुट्टीत लांबचा पल्ला मारायचं ठरलंय. त्याआधी गाडीला काय काय हवं, याच्या घरात तीन याद्या निघाल्या. नवऱ्याच्या यादीत अठरा इंची अलॉय चाकं, छतावरची पेटी आणि इंजिनाखालचा पत्रा. मुलाच्या यादीत एकच गोष्ट, मागच्या सीटला मोबाइल अडकवायचा स्टँड. माझ्या यादीत पुढचे ब्रेक पॅड, पुढच्या उजव्या चाकाची घरघर आणि शेवटी एक ओळ: ‘पार्किंगमधून स्टिअरिंग पूर्ण कापून निघताना मागून कुर्र-कुर्र, गाडी अडखळल्यासारखी.’

नवरा म्हणाला, “अगं, नऊ वर्षांची गाडी आहे, कुरकुरणारच.” मी म्हटलं, मीही कुरकुरते, पण कारणाशिवाय नाही.

ठरलं ते असं: कुरकुरीचं कारण सापडेपर्यंत हौसेची एकही वस्तू घ्यायची नाही.

१४ जानेवारी

गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून सुटे भाग मिळतात, हा समज तासाभरात उतरला. नुसतं मॉडेल टाकलं की आधी समोर येतात ते फक्त पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे भाग, कारण त्या जास्त खपल्या. त्यांचे आणि आमचे पुढचे पॅड सारखे. मागे गेलं की सगळं वेगळं: मागचे शॉकअप, बुश, हब, इतकंच काय, इंधनाची टाकीसुद्धा. आमच्या गाडीत मधून प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा जातो, म्हणून टाकीला घोड्याच्या खोगिरासारखा मधे खोलगट आकार आहे. तिचे पंप, गॅस्केट वगैरे सगळेच निराळे.

म्हणून पहिलं काम चासी नंबर वहीत उतरवण्याचं. सतरा खुणा, अक्षरं आणि आकडे मिळून. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं मुळातच वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गफलत करतात. त्यामुळे ‘हा ओ की शून्य?’ असा प्रश्न पडला तर ते शून्यच. दाराच्या खांबावरच्या पट्टीवरून गाडी बनल्याचा महिनाही टिपला. एकाच वर्षात कंपनी मधेच भाग बदलते. आमच्या मागच्या ब्रेक डिस्कचे दोन नंबर आहेत आणि कुठला लागणार ते त्या महिन्यावर ठरतं.

आणखी एक खाच. जुना नंबर बंद होऊन त्याच्या जागी नवा येतो. दुकानदार ‘हा भाग येत नाही आता’ म्हणाला तर ‘याच्या जागी कुठला नंबर आला?’ हे विचारायचं. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा भाग निघाला.

१८ जानेवारी

आज टायर मोजले. खाचेची खोली मोजायची छोटी पट्टी मिळते, तीच घेतली. या प्रकल्पातली पहिली खरेदी. प्रत्येक टायरवर आत, मधे, बाहेर अशी तीन मापं. सरासरी अशी आली:

पुढचा डावा ३.९ मिमी. पुढचा उजवा ३.८. मागचा उजवा ४.०. मागचा डावा ७.४.

चौथा आकडा लिहिला आणि मागचं वर्ष आठवलं. एका खड्ड्यात टायरची बाजू फाटली होती आणि आम्ही एकच नवा टायर टाकून पुढे गेलो होतो. बसवणाऱ्याने ‘गाडी चारही चाकांवर चालते का?’ हे विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. नाव कुणाचं घ्यायचं?

हिशेब मांडला. टायर २२५/६० आर १७. म्हणजे रुंदी २२५ मिमी, बाजूची उंची तिच्या ६० टक्के म्हणजे १३५ मिमी, रिम १७ इंची म्हणजे ४३१.८ मिमी. नवा असताना व्यास ४३१.८ अधिक दोनदा १३५, म्हणजे ७०१.८ मिमी. नव्याची खाच ८ मिमी धरली तर ७.४ उरलेल्याचा घेर येतो २२०१ मिमी आणि ३.९ उरलेल्याचा २१७९. फरक बावीस मिलिमीटर. एका फेरीला बोटभर, म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण किलोमीटरला मोठं चाक ४५४ फेऱ्या मारतं आणि लहान ४५९. हजार किलोमीटरला साडेचार हजार फेऱ्यांच्या वर फरक पडतो, आणि तो कुठेतरी जिरावा लागतो.

फक्त पुढच्या चाकांची गाडी असती तर मागचं चाक आपलं आपण फिरलं असतं, कुणाला पत्ताही नसता. इथे मागची चाकं डिफरन्शियलमधून, त्याच्या तोंडाशी असलेल्या पातळ चकत्यांच्या क्लचमधून आणि प्रोपेलर शाफ्टमधून पुढच्या चाकांशी बांधलेली. डाव्या-उजव्यातला फरक डिफरन्शियल सोसतं, ते त्याचं कामच आहे, पण वळणापुरतं. ते सरळ रस्त्यावरही चोवीस तास राबणार असेल तर झिजणारच. पुढच्या-मागच्यातला फरक येतो त्या चकत्यांवर. त्या घासतात, तापतात, तेल जाळतात.

चौघांची एक मोट बांधलेली आहे. एकाने पाय लांब टाकला की बाकीचे तिघे फरफटतात.

१९ जानेवारी

मुलाला कालचं गणित पटलं नाही. “आई, टायर खाली दबतो ना, मग तुझा गोल चुकीचाच.” मुद्दा बरोबर. मग बेसमेंटच्या सपाट फरशीवर खडूचा प्रयोग झाला.

डाव्या बाजूच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही टायरांवर जमिनीला टेकलेल्या जागी खडूची रेघ, खाली फरशीवरही रेघ. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. नवरा आणि मी ढकलणारे, मुलगा गुडघ्यांवर बसून पंच. मागच्या मोठ्या चाकाची रेघ पाचव्यांदा खाली आली तेव्हा गाडी थांबवली. पुढच्या चाकाची रेघ तोवर जमिनीला लागून पुढे गेली होती. किती, ते पट्टीने मोजलं तर आठ सेंटिमीटर. म्हणजे फेरीला सोळा मिलिमीटर. कागदावर बावीस होते. वजनाखाली टायर दबतो आणि आतला स्टीलचा पट्टा आपला घेर धरून राहतो, म्हणून कमी. पण फरक आहे तो आहेच. पाच फेऱ्यांत आठ सेंटिमीटर डोळ्यांनी दिसल्यावर नवऱ्याने अठरा इंची अलॉयचा विषय आजच्यापुरता तरी काढला नाही.

अनेक ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांच्या पुस्तिकांत चारही टायर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे आणि सारख्या झिजेचे असावेत असं लिहिलेलं असतं. आमच्याही पुस्तिकेत आहे. नऊ वर्षांत ते पान मी आज पहिल्यांदा वाचलं.

२४ जानेवारी, ९२,४८५ किमी

गॅरेजच्या काकांकडे. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली, चारही चाकं हाताने फिरवली, कान लावून ऐकलं. पुढच्या उजव्यात बेअरिंग गेलंय, हे त्यांनी स्प्रिंगवर बोटं ठेवून सांगितलं. चाक फिरवताना बिघडलेल्या बेअरिंगची थरथर स्प्रिंगमध्ये उतरते. मलाही हात लावून दाखवलं. डावीकडची स्प्रिंग गप्प, उजवीकडे मुंग्या आल्यासारखं.

मागच्या कुरकुरीचं मात्र त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “ताई, मागचं तेल कधी बदललंत?”

“इंजिनाचं?”

“नाही हो. मागचं.”

मागे तेल असतं हे माहीत होतं. ते बदलायचं असतं हे माहीत नव्हतं. पूर्ण वळण घेताना पुढची चाकं मोठ्या गोलावर जातात आणि मागची लहान गोलावर. अशा वेळी त्या चकत्यांनी सैल सोडायला हवं. तेलातली घसरण संपली की त्या सुटता सुटता चिकटतात, पुन्हा सुटतात. तोच कुर्र-कुर्र. म्हणजे संशयित दोन, टायर आणि तेल, आणि दोघांचं संगनमत. टायरने चकत्या तापवल्या आणि चकत्यांनी तेल जाळलं.

२६ जानेवारी

तेलांचा अभ्यास. आमच्या गाडीत इंजिन सोडून चार ठिकाणी तेल आहे: गिअरबॉक्स, तिच्या शेजारी ताकद मागे वळवणारा ट्रान्स्फर केस, मागचा क्लच आणि मागचं डिफरन्शियल. चारही वेगवेगळी.

डिफरन्शियलमधले दाते एकमेकांवर सरकत फिरतात, तिथे दाब प्रचंड. म्हणून जीएल-५ दर्जाचं तेल, ज्यात गंधक आणि फॉस्फरसची रसायनं जास्त. तेच तेल ‘दर्जा वरचा आहे’ म्हणून जीएल-४ मागणाऱ्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये टाकलं तर आतल्या पितळी रिंगांना मानवेलच असं नाही. पाच हा चारापेक्षा मोठा आकडा आहे, एवढ्यावर तेल घेऊ नये.

क्लचचं तेल त्याहून निराळं. तिथे तेलाने वंगणही द्यायचं आणि चकत्यांना हवं तेव्हा पकडूही द्यायचं. त्यात साधं गिअर ऑइल ओतलं तर कुरकूर जाणं राहिलं बाजूला, ती कायमची मुक्कामाला येईल. या एका जागी गाडीच्या कंपनीने दिलेल्या नंबराचंच तेल घ्यायचं ठरवलं, ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ लिहिलेल्या बाटल्या बाजूला ठेवल्या.

मुलाने विचारलं, चारही चाकं फिरवणारी पहिली गाडी कुठली? नेदरलँड्सच्या स्पायकर बंधूंनी १९०३ साली पेट्रोलवर चालणारी एक बनवली होती. रस्त्यावरच्या नेहमीच्या वापरासाठी विकायला बनलेली म्हणाल तर १९६६ची इंग्लंडची जेन्सन एफएफ. पण तशा गाड्या जेमतेम तीनशेवीस निघाल्या. मग १९८०मध्ये ऑडी क्वाट्रो आली आणि हा प्रकार सगळ्यांच्या तोंडी झाला. त्याचा पुढचा प्रश्न: “त्यांचं मागचं तेल कोण बदलायचं?”

१ फेब्रुवारी

मागचं तेल बदललं. नियम एकच, तो काकांनी तीनदा सांगितला: आधी वरचं भरायचं बूच उघडायचं, मग खालचं. खालून तेल सोडून दिलं आणि वरचं बूच निघालंच नाही, तर गाडी कोरडी होऊन जागच्या जागी बसते.

आमचं वरचं बूच निघालंच नाही. कुणीतरी पूर्वी चुकीच्या मापाची चावी घालून त्याचे कोपरे गोल करून ठेवले होते. गंज सोडवणारं तेल मारून अर्धा तास वाट पाहिली, गरम केलं, शेवटी काकांनी एक माप मोठी टॉर्क्सची, म्हणजे चांदणीच्या टोकाची चावी हातोडीने आत ठोकली आणि लांब दांडा लावला. कट्ट असा आवाज झाला. आटे तुटले की बूच सुटलं, हे दोन सेकंद कुणालाच कळेना. सुटलं होतं.

खालच्या बुचाच्या टोकाला चुंबक असतो. त्यावर करडा, लोण्यासारखा लगदा बसला होता. बोटांनी चोळून पाहिला, गुळगुळीत. म्हणजे बारीक झीज. नऊ वर्षांत एवढं व्हायचंच. त्यात टोकदार कण किंवा दात्याचा तुकडा सापडला असता तर ही वही इथेच संपली असती आणि दुसरी, जाड वही लागली असती. क्लचचं तेल मात्र काळं आणि करपलेल्या वासाचं निघालं. दोन्ही बुचं नवी, वॉशर नवे. वॉशर एकदा दबला की त्याचं काम झालं. जुनाच लावून वाचतं काय, तर पुढच्या महिन्यातली झोप जाते.

क्लचच्या छोट्या पंपाला गाळणी आहे. तीही काढून धुतली. पुस्तिकेच्या वेळापत्रकात ती नाही, काकांच्या डोक्यात आहे.

२ फेब्रुवारी

पार्किंगमधून पूर्ण स्टिअरिंग कापून आठ गोल मारले. कुरकूर निम्म्यावर. उरलेली निम्मी टायरांच्या नावावर.

७ फेब्रुवारी

बेअरिंगचं प्रकरण.

मागवलेलं बेअरिंग आलं. माप बरोबर, नंबर बरोबर, डबा देखणा. काकांनी पिशवीतून काढलं, दोन्ही बाजू उजेडात धरल्या आणि म्हणाले, “ताई, घरात लोखंडाचा कीस आहे का?” त्यांच्याकडेच होता, खिळे घासलेल्या टेबलाखाली. चिमूटभर कागदावर घेतला, कागद बेअरिंगच्या एका तोंडावर ठेवला. काही नाही. उलटं केलं. काही नाही.

मग आमच्या जुन्या बेअरिंगसारखंच, दुसऱ्या एका गाडीचं बेअरिंग त्यांनी दाखवलं. त्याच्या एका तोंडावर कागद ठेवताच कीस सरसर हलला आणि सूर्याच्या किरणांसारख्या बारीक रेघांत उभा राहिला. ती बाजू चुंबकी. सीलमध्येच चुंबकाच्या आलटून-पालटून पट्ट्या भरलेल्या असतात. चाक फिरलं की त्या मोजून सेन्सर वेग सांगतो. त्या वेगावर एबीएस चालतं, घसरण रोखणारी यंत्रणा चालते आणि मागच्या चकत्यांना ‘आता पकडा’ हा हुकूमही त्यावरूनच सुटतो. आम्हाला आलेलं बेअरिंग त्या पट्ट्यांशिवायचं होतं, जुन्या पद्धतीच्या गाडीसाठी. बसलं असतं अगदी घट्ट. चाक फिरलं असतं. फक्त डॅशबोर्डवर चार दिवे लागले असते आणि मागची चाकं सुट्टीवर गेली असती.

परत पाठवलं. परत पाठवताना ‘नंबर तर जुळतोय’ एवढंच उत्तर चार वेळा ऐकलं.

यावरून भाग निवडायचा माझा कायदा बदलला. जिथे भाग नुसता घासतो किंवा गाळतो, म्हणजे पॅड, फिल्टर, वायपर, तिथे नावाजलेल्या कुठल्याही बनावटीचा चालेल. जिथे भाग गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलतो किंवा ज्याच्यासाठी अर्धं चाक खोलावं लागतं, तिथे गाडीच्या कंपनीचा, किंवा कंपनीला तो भाग बनवून देणाऱ्या मूळ कारखान्याचा. दुसरा बहुतेकदा तोच भाग असतो, डब्यावरचं नाव तेवढं वेगळं. आमच्या जुन्या बेअरिंगच्या कडेवर बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं होतंच, तेच मागवलं.

१४ फेब्रुवारी, ९२,७९० किमी

बेअरिंग बसलं. चुंबकी बाजू सेन्सरकडे, म्हणजे आमच्या गाडीत आतल्या अंगाला. काकांनी कागद-कीस पुन्हा करून खडूने बाण काढला, मगच प्रेसखाली घेतलं. बेअरिंग हाउसिंगमध्ये बसवताना दाब बाहेरच्या कड्यावर द्यायचा. आतल्या कड्यावर दिला तर सगळा जोर मधल्या गोळ्यांवर येतो आणि नवं बेअरिंग बसतानाच मरतं. ॲक्सलचा नट नवा. तो घट्ट करून त्याची कड खाचेत ठोकायची असते, म्हणून एकदाच वापरायचा. आणि गाडी जमिनीवर टेकवायच्या आधी तो घट्ट हवा, नंतर नाही.

त्याच बाजूला ॲक्सलच्या रबरी बूटला, म्हणजे सांध्यावरच्या आवरणाला, सुरकुतीत एक चीर दिसली. ग्रीस अजून आत होतं. वाळू आत गेली नव्हती, म्हणून फक्त बूट आणि नवं काळं मॉलिब्डेनमचं ग्रीस. कापून गुंडाळायचे आणि चिकटवायचे बूट मिळतात, ॲक्सल न काढता बसतात. काकांनी नुसतं बघितलं माझ्याकडे. नाही घेतला.

१५ फेब्रुवारी

पुढचे ब्रेक. पॅड ४ मिमीवर आलेत, बदलायचेच होते. पण डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते ती वाचली: २६. मायक्रोमीटरने मोजली तर २६.४. नवी असताना २८ होती. म्हणजे नव्या पॅडचं आयुष्य संपायच्या आत डिस्क किमानच्या खाली जाणार. पॅड नवे आणि डिस्क जुनी ही बचत वर्षभराची. दोन्ही डिस्क बदलल्या, अर्थात जोडीने.

पॅडच्या डब्यावर आणि पाठीवर गोलातलं ई चिन्ह आणि आर-९० शोधायचं, तो युरोपच्या नियमाचा शिक्का. ब्रेक ऑइल डॉट ४. कोरडं असताना ते २३० अंशांना उकळतं, ओल शोषून घेतल्यावर हाच आकडा १५५ वर उतरू शकतो; म्हणून वर्ष मोजून बदलायचं, रंग बघून नव्हे. डॉट ५ हे नाव जवळचं वाटलं तरी ते सिलिकोनचं, यात मिसळायचं नाही. डॉट ५.१ चालतं. नावं ठेवणाऱ्याने कुणाचा तरी सूड उगवलाय.

२१ फेब्रुवारी

टायरांचा निकाल. पर्याय तीन होते. नव्यासारखा टायर यंत्रावर घासून बाकीच्यांइतका करून घ्यायचा. तशी यंत्रं असतात, पण ३.९ मिमीच्या टायरांशी मैत्री करायला ७.४चा टायर तासायचा, म्हणजे उरलेलं आयुष्यच तासायचं. दुसरा, मागचे दोन बदलायचे. मग पुढची जोडी लहान आणि मागची मोठी, भांडण डिफरन्शियलवरून उठून पूर्णच चकत्यांवर. तिसरा, चारही नवे.

चारही नवे. पण ७.४ मिमीचा तो जवळजवळ कोरा टायर टाकवेना.

आणि मग स्टेपनी आठवली. आमची स्टेपनी बारकी, तात्पुरती: टी १३५/९० डी १७. तिचा व्यास काढला, ६७४.८ मिमी. मूळ टायरपेक्षा सत्तावीस मिमी कमी, घेरात जवळजवळ चार टक्क्यांचा फरक. ज्या गाडीत एक टक्क्याने चकत्या करपल्या, तिला चार टक्क्यांचं चाक लावून जवळच्या टायरवाल्यापर्यंत ताशी ८० किमीच्या आत जा, असं पुस्तिका सांगते. जवळ कुणी असेल तर ठीक. लांबच्या पल्ल्यावर ते ‘जवळ’ किती लांब असेल?

म्हणून नवे चार टायर त्याच बनावटीचे, त्याच नक्षीचे घेतले, ज्याचा हा चुकार टायर आहे. तो पाचवा. नवे टायर थोडे झिजून ७.४ वर आले की पाचही एका मापाचे.

भारांक ९९, म्हणजे टायरमागे ७७५ किलो. वेगाचं अक्षर एच, ताशी २१० पर्यंत. दोन्ही मूळ टायरइतकेच, त्याखाली उतरायचं नाही. बाजूवरचे तारखेचे चार आकडे दुकानात बॅटरी लावून वाचले: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही एकाच महिन्यातले निघाले. दुकानातल्या मुलाने विचारलं, “ताई, तुम्ही याच लायनीत आहात का?”

२२ फेब्रुवारी

पाचव्या टायरला रिम हवा. इथे नवऱ्याने अलॉयचा विषय रीतसर पुन्हा उघडला: पाच अलॉय घेऊ, अठरा इंची. बसून बघितलं. नटांची मांडणी ५ गुणिले ११४.३, म्हणजे ११४.३ मिमी व्यासाच्या गोलावर पाच नट, ती जुळते. मधलं भोक आमच्या हबपेक्षा मोठं, रिंगा घालाव्या लागतील. रिम बाहेर काढणारा, म्हणजे ऑफसेट कमी. चाक रुबाबदार दिसेल आणि नव्या बेअरिंगवर लांबून ओझं टाकेल. वर त्यांच्यासाठी सुचवलेला टायर २३५/५५ आर १८, दोन टक्के मोठा. बरोबरचा २२५/५५ आर १८ आहे, तो अर्ध्या टक्क्याच्या आत बसतो, पण मग काल घेतलेले चार टायर कुणाला द्यायचे?

नवरा म्हणाला, “तू आधी टायर घेतलेस ते याचसाठी.” तसं नव्हतं. पण झालं ते बरं झालं.

मूळ नंबराचा एक वापरलेला रिम मिळाला, न वाकलेला. बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरवून खात्री केली.

१ मार्च

स्टेपनीचा खड्डा बारक्या चाकासाठी आहे. पूर्ण मापाचं चाक साडेसहा सेंटिमीटर वर येतं. डिकीची फळी आता उतरती. कडेने फोमची पट्टी घालून सपाट केली. डिकीतलं सामान लावायचं खणाचं खोकं या उंचीत बसत नाही, यादीतून कटलं. सामान वर जाणार, म्हणजे छतावरची पेटी आता हौस उरली नाही.

पेटीचं गणित: छताची मर्यादा आमच्या पुस्तिकेत ७५ किलो. बार आणि पेटी मिळून २४. राहिले ५१, तेही हलकं आणि पसरून. मोठी अडचण वजनाची नाहीच, मागच्या दाराची आहे. पेटी मागे सरकली तर दार उघडताना तिच्यावर आपटतं. पुठ्ठ्याची पेटी करून बारवर बांधली आणि मुलाने दार हळूहळू वर नेलं. पहिल्या मापाची पेटी चार बोटं लांब निघाली. पुठ्ठा कापत गेलो. जे माप उरलं तेवढीच पेटी घेतली, दुकानातली सगळ्यात मोठी नव्हे.

इंजिनाखालचा पत्रा: नको. प्लास्टिकचं मूळ कव्हर शाबूत आहे, हवेची वाट त्यात आखलेली आहे आणि तेल सोडायची खिडकीही. चिखलपट्ट्या: हो. मॅट: रबरी, चालकाची जागच्या खुंट्यांना अडकणारी, सरकून पेडलखाली जाणारी नाही. मोबाइल स्टँड: आला. बारा जानेवारीपासून मुलगा हाच प्रश्न रोज विचारत होता.

२ मार्च, ९३,१०५ किमी

चारही टायर चढले, अलाइनमेंट झाली. चाकांचे नट चांदणीच्या क्रमाने, टॉर्क पान्यावर ११० न्यूटन-मीटर लावून. पूर्ण स्टिअरिंग कापून डावीकडे आठ गोल, उजवीकडे आठ. काच खाली, रेडिओ बंद, तिघेही गप्प. टायरखालच्या खड्यांचा आवाज ऐकू येत होता, बाकी काही नाही.

काकांना फोन केला. ते म्हणाले, “शंभर किलोमीटरवर नट पुन्हा बघा. आणि कधी बंद पडली तर दोन चाकं उचलून ओढू देऊ नका, चारही वर घ्यायला सांगा.” हे वाक्य मुलाने मोठ्या अक्षरात लिहून काचेच्या सन-व्हायझरमागे चिकटवलं.

४ मार्च, ९३,२१२ किमी

नट पाहिले. एकच पाव फेरी घट्ट झाला, मागच्या डाव्या चाकाचा. खाचा: पुढचा डावा ७.९, पुढचा उजवा ८.०, मागचा उजवा ७.९, मागचा डावा ७.९. डिकीत ७.४. आठ हजारांवर पुन्हा मोजायचे.